नव्या टीव्हीवर जुन्या डिस्क उजळ दिसेपर्यंत

दसऱ्याला टीव्ही घेतला आणि त्यावर आमच्या जुन्या डिस्क मनासारख्या दिसायला संक्रांत उजाडली. मधल्या काळात तक्रार नोंदवून झाली, तंत्रज्ञ येऊन गेला, केबल बदलल्या, सेटिंगचा मेन्यू कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत बघून झाला. ज्यांच्या घरी अजून डीव्हीडी आणि ब्लू-रे आहेत आणि ज्यांना नव्या टीव्हीवर ते चित्र अंधारं, मळकट वाटतं, त्यांच्यासाठी हे सगळं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमच्या डिस्क म्हणजे बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेला ठेवा. संगीत नाटकांची चित्रीकरणं, मैफली, काही मराठी चित्रपट, घरातल्या लग्नांच्या डीव्हीडी आणि भावाने अमेरिकेतून आणलेल्या थोड्या ब्लू-रे. यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याच ॲपवर मिळत नाही. त्यामुळे 'आता डिस्क कोण बघतं' हे दुकानातलं वाक्य आमच्या कामाचं नव्हतं.

खरेदी आम्ही मुद्दाम लांबवली होती. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, डोंबिवलीतल्याच एका दुकानातून ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही घेतला. साठ हजारांच्या थोडा आत बसला. बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, पुढे तक्रार करताना दोन्ही विचारतात. रविवारी, ५ तारखेला, कंपनीचा माणूस येऊन टीव्ही भिंतीवर बसवून गेला. त्याने सुरुवातीच्या प्रश्नांत 'होम' निवडलं, वायफाय जोडलं, एक फोर-के नमुना लावून दाखवला. मोराचा पिसारा असा काही झळाळला की बाबा खुर्चीतून पुढे सरकले.

संध्याकाळी डीव्हीडी प्लेअर जोडायला घेतला. आमचा प्लेअर जुना, पिवळी-लाल-पांढरी पिन असलेला. नव्या टीव्हीला तशी भोकं नाहीत. हेडफोनसारखं एकच छोटं एव्ही भोक आहे आणि त्यात बसणारी केबल वेगळी घ्यावी लागते. दीडशे रुपयांना आणलेल्या केबलने चित्र लोळायला लागलं आणि आवाजाच्या जागी गुरगुर. दिसायला सारख्या असणाऱ्या या केबलींमध्ये आतल्या तारांचा क्रम वेगवेगळा असतो, तो टीव्हीच्या क्रमाशी जुळायला हवा. पिवळी पिन लाल तारेत घालून बघितली तर चित्र स्थिर झालं, पण त्या जोडणीत मजा नाही. त्या एका पिवळ्या तारेतून रंग आणि उजेड एकत्र कोंबून येतात, कडा फुटतात. शेजाऱ्यांकडे एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेअर कपाटात पडून होता, तो त्यांनी आनंदाने दिला. एचडीएमआय केबल साडेतीनशेला पडली.

आणि मग लावली बाबांची आवडती मैफल. काळा पडदा, समोर गायक, मागे दोन तानपुरे. जुन्या ३२ इंची टीव्हीवर जी डीव्हीडी कितीदा तरी बघितली होती, ती इथे अशी दिसली जणू कुणी सभागृहाचे निम्मे दिवे काढून नेलेत. गायकाचा चेहरा राखाडी, तबलजी जवळजवळ दिसेनासा.

"अगं, हा टीव्ही बिघडलेला दिलाय आपल्याला," बाबा म्हणाले. बाबा ७८ वर्षांचे आहेत. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं, आत पोहोचणारा उजेड घटतो. मला जे जरा अंधारं वाटत होतं ते त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. म्हणून हे प्रकरण 'होईल सवय' म्हणून सोडून देता येण्यासारखं नव्हतं.

१० ऑक्टोबरला कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार दिली. एसएमएसने तक्रार क्रमांक आला. दिवाळी तोंडावर, सगळीकडे नवे टीव्ही बसवणं चालू, त्यामुळे भेटीची वेळ मिळेना. एकदा तर कुणीही न येता 'ग्राहक घरी उपलब्ध नाही, तक्रार बंद' असा संदेश आला. असं झालं तर त्याच दिवशी फोन करून जुन्याच क्रमांकावर तक्रार पुन्हा उघडायला सांगा. नवा क्रमांक घेतला की तारीख नव्याने मोजली जाते आणि आधीची वाट पाहिलेली कुठेच दिसत नाही. कंपनीकडून दादच मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथपर्यंत जायची पाळी आमच्यावर आली नाही, पण क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

तंत्रज्ञ आला तो धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, दिवसातली शेवटची भेट म्हणून. सकाळपासून फिरत असावा, घामाने निथळत होता. आधी चहा दिला. त्याने पेन ड्राइव्हवरून तोच मोर लावला, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून पॅनल तपासलं. सगळं स्वच्छ. "ताई, पॅनल ओके आहे. डिस्क जुनी आहे, ती अशीच दिसणार." वॉरंटीत असल्याने भेटीचे पैसे पडले नाहीत. त्याच्याकडून तपासणीच्या कागदाची प्रत मागून घेतली. त्यावर 'पॅनल नॉर्मल' असं लिहिलेलं होतं, आणि पुढच्या सगळ्या कामाला तेच एक वाक्य उपयोगी पडलं. पॅनल एवढा उजेड देऊ शकतं आणि डिस्क जुन्या टीव्हीवर नीट दिसते, म्हणजे उजेड मधेच कुठेतरी अडतो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसले. थोडक्यात सांगायचं तर डीव्हीडी आणि साधी ब्लू-रे यांवरचं चित्र ज्या मॉनिटरवर तयार होतं तो साधारण १०० निट उजेडावर लावलेला असतो आणि खोलीत मंद दिवा असतो. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. या चित्रात 'पांढरा म्हणजे अमुक इतका उजेड' असं कुठेही लिहिलेलं नसतं; पांढरा म्हणजे टीव्हीला जमेल तेवढा पांढरा, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं नवं चित्र, त्याचं तसं नाही. त्याची पद्धत २०१४ साली प्रमाणित झाली, १०,००० निटपर्यंतची मोजपट्टी त्यात बांधलेली आहे, आणि प्रत्येक ठिपक्याला नेमका किती उजेड हवा हे चित्रच सांगतं. म्हणून एचडीआर चित्र आलं की टीव्ही आपला बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, आपणहून पूर्ण उघडतो. तो मोर एचडीआर होता. साधी डिस्क आली की टीव्ही आपल्या नेहमीच्या, काटकसरीच्या सेटिंगवर राहतो.

हे समजल्यावर जीव भांड्यात पडला. साध्या डिस्कला टीव्ही किती उजेड देणार हे ठरवणं आपल्या हातात असतं. आता फक्त तो कुठे अडतो ते शोधायचं होतं.

पहिला अडसर लगेच सापडला. 'होम' निवडलं की बहुतेक टीव्हींवर वीज बचतीचं सेटिंग आपोआप चालू असतं आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सरही. हे दोन्ही पिक्चर मेन्यूत नव्हते. 'जनरल'मध्ये, वीज आणि पर्यावरणाच्या नावाखाली होते. रात्री दिवे घालवून आपण मैफल बघायला बसतो आणि सेन्सर म्हणतो खोलीत अंधार आहे, बॅकलाइट उतरवू. दोन्ही बंद केले. त्याच क्षणी बाबा म्हणाले, "आता तबलजी दिसायला लागला."

दुसरी गोष्ट नावांची, आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात असं माझं मत आहे. रिमोटवर 'ब्राइटनेस' दिसलं की हात तिथेच जातो. परंपरेने ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी. ती वाढवली की काळा राखाडी होतो, चित्र धुतल्यासारखं दिसतं आणि खरा उजेड काही वाढत नाही. हवा असतो तो बॅकलाइट. पण कंपन्यांनी नावं इकडची तिकडे केली आहेत. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट आणि काळ्याची पातळी 'ब्लॅक लेव्हल' नावाने असते. सॅमसंगच्या नव्या टीव्हींवरही 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाइट, आणि गडद भागासाठी 'शॅडो डिटेल'. एलजीच्या ओएलईडीवर, जिथे वेगळा बॅकलाइट नसतो, त्या जागी 'ओएलईडी लाइट' किंवा 'ओएलईडी पिक्सेल ब्राइटनेस'. आपल्या टीव्हीवर कुठलं काय आहे हे ओळखायची सोपी खूण अशी: चित्रपटाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला प्रसंग थांबवून ठेवा आणि एकेक सेटिंग वर-खाली करा. पट्ट्या ठळकपणे राखाडी होऊ लागल्या तर ती काळ्याची पातळी. उजळ भाग जोमाने वाढला आणि पट्ट्या जवळपास तशाच राहिल्या तर तो बॅकलाइट.

पिक्चर मोड 'स्टँडर्ड'वरून 'सिनेमा'वर आणला. यावर घरात वाद झाला, कारण सिनेमा मोड पहिल्यांदा पिवळट वाटतो. 'व्हिव्हिड' मोड उजळ दिसतो खरा, पण पांढऱ्याला निळसर झाक देऊन आणि रंग भडक करून. गायकाचा चेहरा मेणाचा झाला होता त्यात. मी घरच्यांना एवढंच म्हटलं की आठवडाभर सिनेमा मोडवर बघू. त्या आठवड्यानंतर परत निळसर कुणीच मागितला नाही. सिनेमा मोडमध्ये बॅकलाइट मुळात कमी ठेवलेला असतो, तो हाताने वर घ्यावा लागतो. मी १०० पैकी ९० वर नेला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, डिस्क आधीपेक्षा कितीतरी चांगली दिसत होती. पण गडद भागात अजून काहीतरी खात होतं. मैफलीतल्या संवादिनीवाल्याने काळा बंद गळ्याचा कोट घातला आहे. जुन्या टीव्हीवर त्याच्या बाहीवरच्या सुरकुत्या, भाता ओढताना कोपराशी पडणारी घडी, कापडाची हलकीशी चमक दिसायची. इथे खांद्यापासून मनगटापर्यंत एक सपाट काळा ठिगळ होता आणि तो मागच्या पडद्यात विरघळला होता. बॅकलाइट कितीही वाढवला तरी तिथे काही उगवत नव्हतं.

कारण प्लेअरमध्ये होतं. डिस्कवरच्या चित्रात काळा ० पासून सुरू होत नाही. २५५ पर्यंतच्या मोजणीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणक मात्र ० ते २५५ वापरतो. एचडीएमआयवरून चित्र पाठवताना प्लेअर आणि टीव्ही दोघांनी एकच पद्धत धरायला हवी. प्लेअर १६ वाली पाठवतो आणि टीव्ही ० वाली समजतो, तर काळा राखाडी होतो आणि सगळं चित्र मळकट दिसतं. उलट झालं तर गडद भाग काळ्यात बुडतात आणि उजळ भाग पांढऱ्यात. आमच्या घरी उलट झालं होतं. शेजाऱ्यांनी तो प्लेअर कधीतरी संगणकाच्या मॉनिटरला जोडला होता आणि आउटपुट 'आरजीबी फुल'वर, म्हणजे ० वाल्या पद्धतीवर, राहिलं होतं. प्लेअरमध्ये 'वायसीबीसीआर' (डिस्कची स्वतःची, १६ वाली पद्धत) निवडलं, टीव्हीवरचं 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' ऑटोवर ठेवलं. बाहीवरची घडी परत आली. आरजीबीच वापरायचं असेल तर दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा.

पुढे गोष्टी नजरेवर न सोडता तपासून घ्यायच्या ठरवल्या. एव्हीएस एचडी ७०९ नावाचा चाचणी-चित्रांचा संच मोफत मिळतो आणि साध्या कोऱ्या डीव्हीडीवर उतरवून ब्लू-रे प्लेअरवर चालवता येतो. पेन ड्राइव्हवरून टीव्हीतच चालवला तर उपयोग अर्धा, कारण पुष्कळ टीव्हींवर प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी असतात आणि आपल्याला प्लेअरकडून येणारं चित्र तपासायचं असतं. शेजाऱ्यांचा प्लेअर तो संच वाचेना. ब्लू-रेही बघायच्या होत्याच, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला ब्लू-रे प्लेअर साडेचार हजारांना आणला. जुना प्लेअर घेताना स्वतःच्या दोन-तीन डिस्क बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा, त्यात एक दोन थरांची, मोठ्या चित्रपटाची असू द्या. थकलेली लेझर दुसऱ्या थरावर जाताना अडखळते. विभागाचंही बघा, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागासाठी काढली आहे ते; प्लेअरचा विभाग तिच्याशी जुळावा लागतो. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ आणि ब्लू-रे विभाग ए. भावाच्या काही डिस्क सर्व विभागांसाठीच्या निघाल्या म्हणून चालल्या, बाकीच्या नाही चालल्या.

चाचणी-चित्रांत काळ्यासाठी एक आहे: जवळजवळ काळ्या पट्ट्या लुकलुकतात, प्रत्येकीवर आकडा. १६ आणि त्याखालच्या दिसायला नकोत, १७ च्या पुढच्या हळूहळू दिसू लागायला हव्यात. तेवढं होईपर्यंत काळ्याची पातळी एकेका टिचकीने हलवायची. पांढऱ्यासाठी तसंच दुसरं चित्र, त्यात २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. इथे मी कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याची पातळी, जरा उतरवून २३५ च्या पुढचंही थोडं दिसू दिलं, त्याला लग्नाच्या डीव्हीडी कारण. हँडीकॅमने केलेल्या चित्रीकरणात पांढरा बऱ्याचदा २३५ ओलांडून जातो. व्हिडिओवाल्याचा हॅलोजन सरळ तोंडावर असतो, शालू जरीचा, भटजींचं उपरणं पांढरंशुभ्र. कॉन्ट्रास्ट शंभरावर असताना त्या उपरण्याची जागा म्हणजे पडद्यात पाडलेलं पांढरं भोक होतं. कॉन्ट्रास्ट खाली आणल्यावर त्यातल्या चुण्या दिसू लागल्या, काठ दिसू लागला. उजेड हवा म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवू नका. तो बॅकलाइटकडूनच घ्या.

गॅमा हा शब्द बघून घाबरायचं कारण नाही. काळा आणि पांढरा जागच्या जागी ठेवून मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या, एवढंच त्यात ठरतं. अंधाऱ्या खोलीसाठी २.४ आणि दिवे चालू असलेल्या खोलीसाठी २.२ ठीक पडतो. आकडा कमी तसं मधलं चित्र उजळ. आमची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी चारनंतर ऊन सरळ समोरच्या भिंतीवर येतं. दुपारसाठी एका पिक्चर मोडमध्ये गॅमा २.२ आणि बॅकलाइट पूर्ण, रात्रीसाठी दुसऱ्या मोडमध्ये २.४ आणि बॅकलाइट ६० च्या आसपास, असं करून ठेवलं. बाबांना फक्त मोड बदलायचा असतो.

तरीही मैफलीत एक गोष्ट उरली होती. गायक एकटाच प्रकाशझोतात असला की त्याचाही उजेड कमी व्हायचा, आणि कॅमेरा मागे गेला, मंच पूर्ण दिसला की वाढायचा. हे लोकल डिमिंगचं काम. पॅनलमागचे दिवे गटागटाने कमी-जास्त होतात. पडद्याचा बराच भाग काळा आणि मधे छोटा उजळ तुकडा असला की काही टीव्ही तो तुकडाही दाबतात. 'हाय'वरून 'मीडियम'वर आणलं तेव्हा ते जवळजवळ थांबलं. त्याबरोबर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' पूर्ण बंद केलं. आणखी एक जागा बघून घ्या: हालचाल स्वच्छ दिसावी म्हणून चित्रांच्या मधे काळी चौकट घालण्याची सोय बऱ्याच टीव्हींवर असते, 'क्लिअर मोशन' किंवा तशाच एखाद्या नावाने. ती चालू असेल तर उजेड निम्म्यावर येऊ शकतो. आमच्याकडे ती बंदच होती. ताईच्या घरी मात्र तीच एक गोष्ट बंद केली आणि तिची सगळी तक्रार मिटली.

डिसेंबरात एका मित्राचा फोर-के ब्लू-रे प्लेअर काही दिवसांसाठी मिळाला. साध्या डिस्कचं चित्र एचडीआरमध्ये बदलून पाठवायची सोय त्यात होती, आणि मला तेच करून बघायचं होतं. त्यासाठी टीव्हीच्या त्या एचडीएमआय भोकाचं वाढीव सेटिंग चालू करावं लागतं. एलजीवर ते 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस' या नावाने असतं. ते केलं, टीव्हीने कोपऱ्यात एचडीआरचं चिन्ह दाखवलं, बॅकलाइट आपोआप शंभरावर गेला. चित्र मात्र आधीपेक्षा अंधारं झालं.

चक्रावून जायला होतं, पण कारण वरचंच. एचडीआरमध्ये प्रत्येक ठिपका आपला उजेड स्वतः सांगतो. प्लेअरने डिस्कचा पांढरा जर १०० किंवा २०० निटच्या जागी बसवला, तर टीव्हीची ताकद कितीही असो, तो तेवढाच उजेड देणार. एचडीआर चित्रात साध्या पांढऱ्यासाठी २०३ निट ही संदर्भाची पातळी धरतात. आमचा टीव्ही साध्या मोडमध्ये पूर्ण बॅकलाइटवर त्याहून जास्त देतो. त्या प्लेअरमध्ये उजेड वर नेण्याची पट्टी होती, ती वर घेतल्यावर मात्र चित्र खुललं. ब्लू-रेवर तर सुंदरच दिसलं: समयांच्या ज्योती, नथीचे मोती, पितळी भांड्यांवरची तिरीप. डीव्हीडीवर तीच पट्टी नको ते बाहेर काढू लागली. काळ्या पडद्यात चौकोनी ठोकळे वळवळताना दिसू लागले, निळ्या आकाशात पायऱ्या पडल्या. डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, तिच्यावरचं चित्र घट्ट दाबून बसवलेलं. एवढा ताण ती सोसत नाही. मी सगळी रूपं फोनने टिपून ठेवली होती. फोनच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर एकदा लॉक करून सगळे फोटो त्याच एक्स्पोजरवर काढले तरच दोन सेटिंगची तुलना करता येते, नाहीतर फोन स्वतःच उजेड सारखा करून टाकतो.

फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर माझं मत ठरलं. टीव्ही साध्या मोडमध्ये पुरेसा उजेड देत असेल तर एचडीआरमध्ये बदलण्याच्या भानगडीत पडू नये. काही टीव्ही साध्या मोडमध्ये उजेडावर मर्यादा घालतात आणि पूर्ण ताकद एचडीआरलाच देतात. तिथे हा उपाय खरोखर कामाचा आहे, पण त्याआधी 'पीक ब्राइटनेस' किंवा 'पीक ल्युमिनन्स' असं सेटिंग साध्या मोडमध्ये मिळतं का ते बघा आणि 'हाय'वर ठेवून बघा. मित्राचा प्लेअर परत केला. चांगला नवा फोर-के प्लेअर मला दोन-तीन ब्लू-रेंसाठी परवडण्यातला नाही.

शेवटचा खर्च साडेपाचशे रुपयांचा. टीव्हीच्या पाठीमागे चिकटवायची एलईडी पट्टी, पांढऱ्या उजेडाची, टीव्हीच्या यूएसबीवर चालणारी. तिने पडद्याचा उजेड वाढत नाही. पण मागची भिंत मंद उजळली की काळा अधिक काळा वाटतो आणि डोळ्यांवरचा ताण कमी होतो. रंगीबेरंगी पट्टी घेऊ नका, भिंतीच्या रंगाने चित्राचे रंग फसवे दिसतात. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, तो घरातच होता.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात, टीव्हीचं सॉफ्टवेअर रात्रीतून अपडेट झालं आणि सकाळी वीज बचत परत चालू झालेली दिसली. बाकीची सेटिंग शाबूत होती. तोवर मी प्रत्येक मेन्यूचे फोटो काढून 'टीव्ही सेटिंग' नावाच्या अल्बममध्ये ठेवले होते, त्यामुळे पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं. एक छापील प्रतही टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, म्हणजे मी घरी नसताना बाबांना किंवा भाच्याला जमेल.

ओएलईडी टीव्ही असेल तर वरच्यातलं लोकल डिमिंग सोडून द्या, तिथे प्रत्येक ठिपका स्वतंत्र पेटतो. मात्र पूर्ण पडदा पांढरा झाला की ओएलईडी स्वतःचा उजेड उतरवतो. नाटकातल्या लख्ख प्रकाशाच्या प्रवेशात ते जाणवतं, आणि तो बिघाड नसतो. उन्हाच्या खोलीत, दुपारी बघणाऱ्या वयस्कर माणसासाठी टीव्ही घेणार असाल तर मी चांगला एलईडीच सुचवीन.

आमच्याकडच्या व्हीसीडींचं काम अजून व्हायचं आहे. त्यांच्यावरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि नवा ब्लू-रे प्लेअर त्यातल्या बऱ्याच वाचतच नाही. त्या शेजाऱ्यांच्या डीव्हीडी प्लेअरवर चालतात, तो त्यांनी परत नको म्हणून सांगितलं आहे. पण काहींचा मागचा चंदेरी थर कडेने उडायला लागलाय, तेव्हा आधी त्यांच्या प्रती संगणकावर काढून घेते आहे. त्यांच्यासाठी बॅकलाइट ७० वर आणि शार्पनेस शून्यावर बरा दिसतो, एवढं आत्तापर्यंत कळलं आहे.